गावचा रेडिओ : ऐकणे व विचारणे

सन १९५६ मध्ये पुणे आकाशवाणी केंद्राने पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत शेतकरी श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. मंडळी कार्यक्रम ऐकून चर्चा करीत व शंका केंद्रास कळवीत. २००६ साली स्वयंसेवी संस्था व कृषी विज्ञान केंद्रे यांना लहान एफ.एम. केंद्र चालविण्याची मुभा मिळाली. २००८ मध्ये सातारा जिल्ह्यात म्हसवड येथे ‘माणदेशी तरंग’ सुरू झाले. अशा केंद्राचा आवाज दहा-पंधरा किलोमीटरच पोहोचतो. म्हणूनच त्यावरून त्याच शिवारातील पाऊस, कीड व बाजार यांची वार्ता वेळेवर देता येते. मात्र शंका विचारणारा श्रोता नसेल, तर ध्वनिक्षेपण व्यर्थ होय. वाशिम जिल्ह्यातील केनवडसारख्या गावीही ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी सोयाबीन-तुरीच्या हंगामात श्रोत्यांची बैठक भरवावी, प्रश्न लिहून जवळच्या केंद्रास पाठवावेत आणि आलेले उत्तर सर्वांस वाचून दाखवावे.