गुण किती पडले?

समजा, कुरुंद्याच्या शिवारात हळदीची पोती भरलेली ट्रॉली उलटली. एक गडी खाली पडला. त्याच्या डोक्याला मार लागला. आपण त्याला वसमतला नेले. तिथून नांदेडला, विष्णुपुरीच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात नेले. दारातच त्याची बायको विचारते, "डॉक्टरसाहेब, वाचतील ना हो हे?"

डॉक्टर लगेच बोलत नाहीत. ते हाक मारतात. चिमटा घेतात. कागदावर एक आकडा लिहितात. आपल्याला राग येतो. माणूस मरायला टेकला आणि हे आकडे काय मांडत बसले! हा आकडा कशाचा, ते आपण पाहू.

स्कॉटलंड देशात ग्लासगो नावाचे शहर आहे. तिथल्या टीसडेल आणि जेनेट या दोन डॉक्टरांनी १९७४ साली ही रीत काढली. शाळेत पोरांना गुण देतात ना, तसे जखमीला गुण द्यायचे. डोळे आपोआप उघडे असले तर ४ गुण. हाकेला उघडले तर ३. दुखवल्यावर उघडले तर २. उघडलेच नाहीत तर १. बोलण्याचे गुण ५. कुठे आहे, कोणता महिना आहे, हे नीट सांगितले तर पुरे ५. बोलतो पण भलतेच, तर ४. नुसता कण्हतो, तर २. हालचालीचे गुण ६. "हात वर कर" म्हटले आणि केला, तर सहाच्या सहा.

सगळे मिळून १५ गुण. कमीत कमी ३. या परीक्षेत शून्य कोणालाच नाही. ८ किंवा त्याहून कमी पडले, तर जिवाला मोठा धोका समजतात. मात्र दारू प्यालेल्याचेही गुण उतरतात, म्हणून डॉक्टर पुन्हा पुन्हा मोजतात. आधी १३ होते, तासाभराने ९ झाले, तर कवटीत रक्त साचत असेल, असा संशय येतो. मग घाई करावी लागते.

पोटात रक्त वाहत असले तर माणूस बोलत असतो आणि आतून खचत असतो. म्हणून नाडी, रक्तदाब आणि श्वासही मोजतात.

पण परदेशातला हिशेब आपल्याला चालतो का? मुंबईचे केईएम आणि सायन रुग्णालय, शिवाय दिल्ली आणि कोलकाता इथले एकेक रुग्णालय, यांनी २०१३ ते २०१५ या काळात हजारो जखमींची नोंद ठेवली. जाणकारांनी पडताळून पाहिले. अमेरिकेतला अंदाज इकडे जसाच्या तसा जुळेना. आम्हाला याचे नवल वाटत नाही. आपला जखमी आधी जवळच्या दवाखान्यात, मग तालुक्याला, मग शहरात जातो. वाटेतच वेळ सरतो.

आणखी एक. आकडा शंभर जखमींचे सांगतो. शंभरांत इतके दगावतात, एवढेच. आपला गडी त्यांतला की वाचणाऱ्यांतला, हे आकड्याला कळत नाही. म्हणून "गुण कमी पडले, आता घरी न्या" असे कोणी नातेवाईक म्हणाला, तर ऐकू नये. ज्याचे गुण कमी, त्याला आधी हात लावायचा, यासाठी तर मोजणी आहे.

आपल्या हातीही काही आहे. १०८ क्रमांक फिरवावा. २०१४ पासून ही गाडी महाराष्ट्रात फुकट येते. रक्त वाहते तिथे स्वच्छ कापड दाबून धरावे. मान वळवू नये. पाणी पाजू नये. पोलिसांची भीती धरू नका. रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्यावर नाव सांगायची सक्ती नाही. २०१९ साली तसा कायदा झाला.

आणि आता तर तुम्हाला लिहिता येते. एक चिठ्ठी लिहून जखमीबरोबर द्या. अशी :

"दुपारी ३ वाजता ट्रॉलीवरून पडला. तेव्हा नाव सांगत होता. साडेतीनला फक्त हाकेला डोळे उघडले. एकदा ओकला. उजवा हात हलवत नाही. दारू प्यालेला नाही."