आधी विचारा, हे लिहिलं कुणी?

बौद्धिक संपदा आणि तंत्रज्ञान कायद्यात यायचं म्हणणारी मुलं हल्ली इंटर्नशिपसाठी येतात, तेव्हा बोलण्याची सुरुवातच कृत्रिम बुद्धिमत्तेने होते. ओपनएआयविरुद्ध एएनआय या वृत्तसंस्थेने दिल्ली उच्च न्यायालयात केलेला दावा त्यांनी वाचलेला असतो. डेटा संरक्षण कायद्यातला २५० कोटी रुपयांपर्यंतचा दंड तोंडपाठ असतो. मग मी एका लहान कंपनीची फाइल पुढे सरकवते आणि विचारते, या सॉफ्टवेअरचा मालक कोण? जवळजवळ सगळे कंपनीचं नाव सांगतात. पैसे कंपनीने मोजले, मग दुसरं कोण असणार?

पुण्यातल्या दोन मित्रांचीही हीच समजूत होती. त्यांची छोटी कंपनी एक परदेशी खरेदीदार घेणार होता. आकडा ठरला, घरी पेढेही वाटून झाले. खरेदीदाराच्या वकिलांनी कागद तपासायला घेतले आणि अगदी सुरुवातीचा कोड कुणी लिहिला, असं विचारलं. तो एका ओळखीच्या मुलाने फ्रीलान्स म्हणून लिहून दिला होता. त्याचं बिल होतं, बँकेतली नोंद होती, ‘सगळे पैसे मिळाले, थँक्यू’ असा व्हॉट्सअ‍ॅपवरचा निरोपही होता. हक्क दिल्याचा सहीचा कागद मात्र नव्हता.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ सांगतं की नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा. बाहेरच्या माणसाकडून पैसे देऊन काढून घेतलेला फोटो, चित्र किंवा सिनेमा असेल, तर तो पैसे देणाऱ्याचा. संगणकाचा प्रोग्राम कायद्याच्या लेखी साहित्यकृती आहे आणि साहित्यकृतीला ही सवलत नाही. म्हणजे मालक तो मुलगा. तोवर तो कॅनडात स्थिरावला होता आणि कंपनी विकली जातेय हे त्याच्या कानावर गेलं होतं. सौदा मोडला नाही, पण त्याची सही येईपर्यंत खरेदीदाराने रकमेचा मोठा हिस्सा अडवून ठेवला. दोघांनी त्या मुलाला जे दिलं, ते मूळ बिलाच्या कितीतरी पट होतं. मुलाला दोष द्यावा असं मला तेव्हाही वाटलं नाही.

हे ऐकलं की लोक घाईने ‘सर्व हक्क कंपनीला दिले आहेत’ असं एका ओळीचं पत्र करून आणतात. त्याने काम अर्धंच होतं. कलम १९ प्रमाणे हस्तांतरण लेखी आणि सहीचं हवं, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत, आणि वेगळं काही ठरलं नसेल तर एका वर्षात न वापरलेले हक्क परत जातात, इथपर्यंत वाचलेला वकील क्वचित भेटतो. ज्या कंपनीचे सगळे ग्राहक अमेरिकेत आहेत तिच्या हातात पाच वर्षांपुरता, भारतापुरता हक्क! या क्षेत्रात येणाऱ्याने हे कलम पोटकलमांसकट आधी पचवावं. कृत्रिम बुद्धिमत्तेचे खटलेसुद्धा शेवटी कलम १४ मधल्या ‘प्रत’ आणि कलम ५२ मधल्या अपवादांवर येऊन थांबतात, म्हणून नवं वाचायचं तर जुन्याच्या आधाराने वाचावं.

फाइल उघडल्यावर मी आणखीही विचारते. कंपनी नोंदवण्याआधी संस्थापकांनी लिहिलेला कोड कुणाचा? तेव्हा कंपनी जन्मालाच आली नव्हती, मग नोकरी कुठली? एखादा संस्थापक त्या काळात दुसरीकडे नोकरीला असेल, तर त्या नोकरीच्या करारात काय लिहिलंय? करार न करता बसवलेला इंटर्न? इंटरनेटवरून उचललेला ओपन सोर्स भाग कुठल्या परवान्याचा? पक्षकार या प्रश्नांना कंटाळतात. कंटाळू द्यावं.

पेटंटमध्ये प्रश्न बदलतो: हे आजवर कुणाकुणाला दाखवलंत? एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या मुलांनी शेतीचं एक सुरेख यंत्र केलं होतं. प्रदर्शनात ते चालवून दाखवलं, बक्षीस मिळालं, पेपरात फोटोसकट बातमी आली आणि ती बातमी लॅमिनेट करून मुलं माझ्याकडे पेटंटसाठी आली. अर्जाआधी जगापुढे आलेली गोष्ट कायद्याच्या दृष्टीने नवी राहत नाही. प्रदर्शनासाठी बारा महिन्यांची सवलत आहे, पण केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचना काढून जे प्रदर्शन त्यासाठी ठरवलं असेल तेवढ्यापुरतीच. महाविद्यालयाचा मांडव त्यात बसत नाही. आधी तात्पुरतं विवरणपत्र दाखल करून ठेवलं असतं, तर पूर्ण विवरणासाठी बारा महिने मिळाले असते. स्टार्टअपला किंवा एकट्या माणसाला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी १६०० रुपये आहे. बक्षिसाच्या रकमेतही ती भागली असती.

हळदीच्या पेटंटची गोष्ट आपल्याकडे अभिमानाने सांगतात. जखमेवर हळद लावण्याचं अमेरिकी पेटंट डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालच्या सीएसआयआर या संशोधन संस्थेने १९९७ मध्ये रद्द करवलं. ते रद्द झालं ते जुना छापील मजकूर पुढे ठेवल्यामुळे, त्यात १९५३ सालचा एका वैद्यकीय नियतकालिकातला लेखही होता. आजीच्या हळदीला जो नियम उपयोगी पडला, त्याच नियमाने आपल्या मुलांचं यंत्र बाद होतं. अभिमानाच्या भरात हे कुणी सांगत नाही.

मोबाइल अ‍ॅपचं ‘पेटंट’ मागायला येणाऱ्यांची तर रांग असते. निव्वळ संगणक प्रोग्राम, अल्गोरिदम आणि धंद्याची पद्धत कलम ३(के) ने बाहेर ठेवली आहे. तांत्रिक परिणाम दाखवता आला तर वाट आहे, पण अरुंद. त्यांना नाही म्हणायला शिकावं, फी बुडाली तरी.

ट्रेडमार्कचं काम तारखांवर चालतं. जर्नल दर सोमवारी येतं, प्रसिद्धीपासून चार महिन्यांत विरोध नोंदवायचा आणि विरोधाची नोटीस मिळाल्यावर दोन महिन्यांत उत्तर द्यायचं, नाहीतर अर्ज सोडून दिला असं धरलं जातं. मसाल्याचा चांगला चाललेला घरगुती धंदा एका बाईंनी उभा केला होता. विरोधाची नोटीस त्यांचा अर्ज भरून देणाऱ्या ऑनलाइन एजंटच्या ईमेलवर पडून राहिली आणि त्यांच्या हातात आली ती मुदत संपल्यावर. बाजू त्यांचीच खरी होती, पण ती ऐकायची वेळ आलीच नाही. माझ्याकडे नवीन ज्युनिअर पहिले काही महिने फक्त मुदतवही सांभाळतो. कंटाळवाणं काम आहे, माझ्यावरही एका मोठ्या फर्ममध्ये तेच पडलं होतं. कोण टिकेल हे त्यावरून कळतं.

पैशांचंही सांगते. ट्रेडमार्कच्या ऑनलाइन अर्जाची सरकारी फी व्यक्तीला आणि लहान उद्योगाला ४५०० रुपये आहे. नुसते अर्ज भरून देणारे ऑनलाइन दुकानदार त्यावर किरकोळ आकार लावतात, त्यांच्याशी स्पर्धा करून वकिलाचं घर चालत नाही. कमाई मसुद्यात, विरोधाच्या सुनावणीत आणि सल्ल्यात आहे, आणि ती उशिरा सुरू होते. पेटंट एजंटची परीक्षा द्यायची असेल तर विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाची पदवी लागते. बी.ए. करून कायद्याकडे आलेल्यांना हे फार उशिरा कळतं. ती परीक्षा दरवर्षी होईलच असंही नाही, त्यामुळे जाहिरात आली की अर्ज करून मोकळं व्हावं. कला शाखेच्या मुलांनी खट्टू होऊ नये, कॉपीराइट, ट्रेडमार्क आणि करारांना ही अट नाही.

कोर्टाची हौस असेल तर धीर हवा. दोन स्पार्क प्लगच्या इंजिनावरून बजाज आणि टीव्हीएस भांडत होते, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये बौद्धिक संपदेचे दावे झटपट निकाली काढा असं बजावलं. ते भांडण मिटलं २०१९ मध्ये, तेही आपसांत. पेटंटचं आयुष्य असतं वीस वर्षं. म्हणून खरी लढाई अंतरिम मनाईची असते.

मुंबईत असाल तर उच्च न्यायालयाच्या कोर्ट रिसीव्हरबरोबर नकली मालाच्या जप्तीला एकदा तरी जाच. भिवंडीच्या गोदामात पत्र्याखाली घामाघूम होऊन खोकी मोजायची, बॅच नंबर उतरवायचे, प्रत्येक लेबलाचा फोटो घ्यायचा, आणि गोदामवाला चहा पाजून ‘वकीलसाहेब, अंदाजे लिहा की’ म्हणाला तरी पुन्हा पहिल्या खोक्यापासून मोजायला लागायचं.