योनाथानाचं देणं, मफीबोशेथाला

आईबाबांनो, आभार मानायला आपण मुलांना फार लवकर शिकवतो. पाहुण्यांनी हातावर चॉकलेट ठेवलं की मागून आवाज येतोच, "काय म्हणायचं असतं?" मूल "थँक्यू आंटी" म्हणतं आणि पळतं. चांगलीच सवय आहे, राहू द्या. पण त्याच घरात दुसरीही एक शिकवणी चालू असते. लग्नाला निघताना आपण आहेराची जुनी वही काढतो आणि त्यांनी आपल्या वेळी किती घातले होते ते बघतो. मागच्या नाताळात ज्यांच्याकडून करंज्यांचं ताट आलं नाही, त्यांच्याकडे यंदा आपलंही जात नाही. मुलं तिथेच खेळत असतात. थँक्यूपेक्षा ही वही त्यांच्या जास्त लक्षात राहते.

लूकच्या चौदाव्या अध्यायात प्रभू येशूनं जेवणावळीबद्दल सांगितलं आहे. मित्रांना, भाऊबंदांना, श्रीमंत शेजाऱ्यांना बोलावलंत तर तेही तुम्हाला बोलावतील आणि फिटंफाट होईल. म्हणून गरिबांना, लंगड्यांना, आंधळ्यांना बोलवा, कारण त्यांच्यापाशी परत द्यायला काही नाही. यावर उपदेश आपण पुष्कळ ऐकले. तरी नाताळच्या जेवणाची यादी करायला बसलो की पुन्हा तीच माणसं! आहेर बंद करा, असं मी म्हणणार नाही. नातीगोती त्यावरही टिकतात. माझा आग्रह एवढाच, की जे आपल्याकडे परत येणार नाही असं काहीतरी देताना मुलांनी आपल्याला पाहिलं पाहिजे.

मग उपकार फेडायचे कसे? यासाठी दाविदाची एक गोष्ट मुलांना सांगा. गल्याथाची नव्हे, ती त्यांना पाठ आहे. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाचा नववा अध्याय काढा. दावीद आता राजा झाला आहे. ज्या योनाथानानं स्वतःच्या बापाचा राग ओढवून घेऊन त्याचा जीव वाचवला, तो लढाईत मरून गेला आहे. म्हणजे ज्याचं देणं लागतो तो माणूसच उरलेला नाही. आपण म्हटलं असतं, फार वाईट झालं, आठवण येते. दावीद मात्र चौकशी करतो, की शौलाच्या घराण्यातलं कोणी मागे राहिलं आहे का, योनाथानासाठी मला त्याचं भलं करायचं आहे. शौल म्हणजे योनाथानाचा बाप आणि दाविदाच्या जिवावर उठलेला राजा, याची मुलांना आधी आठवण करून द्या, नाहीतर गोष्टीतली गंमत हातची जाते.

शोधताशोधता योनाथानाचा मुलगा मफीबोशेथ सापडतो. पाच वर्षांचा असताना पळापळीत दाईच्या हातून पडला आणि दोन्ही पायांनी अधू झाला. लोदबार गावी माखीर नावाच्या माणसाच्या घरी तो राहत होता. राजाचं बोलावणं आल्यावर तो घाबरला असणारच. नवा राजा जुन्या राजाच्या नातवाला कशाला बोलावतो, हे त्या काळी पोरालाही ठाऊक होतं. दाविदानं त्याला आजोबाची सगळी जमीन परत दिली आणि रोज आपल्या पंगतीला बसवलं.

बहुतेक जण गोष्ट इथंच थांबवतात. पण आणखी आठ अध्याय पुढे जा. अबशालोमानं बंड केलं, दाविदाला स्वतःची राजधानी सोडून यार्देनेपलीकडे महनाइमाला जावं लागलं. बरोबरची माणसं भुकेली, थकलेली. तिथं अंथरुणं, भांडी, गहू, जव, मसूर, मध आणि दही घेऊन जी माणसं आली, त्यांत लोदबारचा माखीरही होता. त्यानं हे का केलं, ते शास्त्रात लिहिलेलं नाही. मुलांना विचारा. त्यांची उत्तरं आपल्यापेक्षा बरी असतात.

आपल्या मातीतलं उदाहरण हवं असेल तर पंडिता रमाबाईंचं सांगा. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आईवडील गेले, थोरली बहीण गेली. उपासमार काय असते ते त्यांनी स्वतःच्या पोटात अनुभवलं होतं. पुढे १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, तेव्हा त्यामागे अमेरिकेतल्या लोकांची मदत उभी होती. हिंदुस्थान कधी डोळ्यांनी न पाहिलेली माणसं त्यांत होती. त्यांना रमाबाई काय परत देणार होत्या? १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या तिकडे गेल्या आणि उपाशी मुली, बायका केडगावला घेऊन आल्या. अमेरिकेचं देणं असं केडगावला फिटलं.

आता जरा आपल्याविषयी, कारण खरी अडचण इथं आहे. "तुझ्यासाठी आम्ही काय काय केलं" हे वाक्य आपल्यापैकी कितीजणांनी या महिन्यात उच्चारलं? बारावीच्या वर्षी तर ते चहाबरोबर येतं. म्हातारपणी आईबापांना सांभाळणं हे मुलांचं कर्तव्यच आहे. तीमथ्याच्या पहिल्या पत्रात विधवांविषयी लिहिताना पौलानं मुलानातवंडांना तसं बजावलं आहे. पण तोच पौल करिंथकरांना लिहितो, की मुलांनी आईबापांसाठी साठवायचं नसतं, आईबापांनी मुलांसाठी साठवायचं असतं. मला वाटतं, यांतलं पहिलं वचन मुलांनी वाचावं आणि दुसरं आपण. आपल्याकडे बरोबर उलट चालतं. फीच्या पावत्या दाखवून मुलांकडून मान खाली घालून घेता येते, कृतज्ञता नाही.

आणि मूल विसरलंच, तर? शिकवणीच्या बाईंनी वर्षभर जीव ओतला, निकाल लागला, आणि चिरंजीव मित्रांबरोबर भटकायला गेले. त्या वेळी दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट त्याच्या अंगावर फेकू नका. परत न आलेले नऊ जण कुठं आहेत, असं येशूनं विचारलं हे खरं. पण त्यांना दिलेली बरी काया त्यानं काढून घेतली नाही. ते येशूनंच सांगितल्याप्रमाणे याजकाकडे निघाले होते, हेही विसरायला नको. मागे वळला तो एकटा शोमरोनी, परका. संध्याकाळी मुलगा घरी आला की चप्पल काढायच्या आधीच म्हणा, "चल, बाईंकडे जाऊन येऊ." सोबत तुम्हीही जा, आणि त्यांच्याशी आधी तुम्ही बोला.