‘द्याल ते द्या’ : कारागिराची मजुरी आणि शरीअतचा दंडक

आपल्या मोहल्ल्यांत एक वाक्य फार सभ्य समजले जाते. नळ गळू लागतो, पंखा बंद पडतो, वादळात पत्रा उडतो. ओळखीचा मिस्त्री येतो, काम पाहतो आणि मजुरी विचारली की म्हणतो, ‘‘तुमच्याशी काय भाव करायचा? द्याल ते द्या.’’ ऐकणाऱ्यालाही बरे वाटते. मात्र या सभ्यतेची परीक्षा काम संपल्यावर होते. कारागिराच्या मनात एक आकडा असतो, घरमालकाच्या मनात दुसरा. आणि दोघेही एकमेकांना लोभी समजून घरी जातात.

दोन वर्षांपूर्वी आमच्या मशिदीच्या वुजूखान्याचे नळ बदलले, तेव्हा ही चूक माझ्याच हातून घडली. मिस्त्री रोजचा नमाजी. मजुरी विचारताच, ‘‘मौलाना, अल्लाहच्या घराचे काम, त्यात भाव कसला?’’ असे तो म्हणाला आणि मी गप्प राहिलो. तीन दिवसांच्या कामानंतर त्याने साडेचार हजार सांगितले. कमिटीने तीन हजार हातावर ठेवले. त्याने ते घेतले, सलाम केला, आणि पुढे कित्येक जुमे तो आमच्या मशिदीत दिसला नाही.

मोबदला ठरवून काम करून घेण्याच्या कराराला फिक्हमध्ये इजारा म्हणतात. काम कोणते आणि उजरत किती, या दोन्ही गोष्टी उभयतांना आधी माहीत असणे ही त्याची मूळ अट होय. सूरह अल-कससमध्ये मद्यनचे वयोवृद्ध गृहस्थ आपल्या मुलीचा विवाह हजरत मूसा (अ.) यांच्याशी लावून देऊ इच्छितात, तो प्रसंग आठवावा. नाते घरचे होऊ घातले आहे. तरीही चाकरीची मुदत आठ वर्षे, दहा पुरी केलीत तर ती तुमची मर्जी, असे स्पष्ट बोलणे होते. मूसाही (अ.) दोहोंपैकी कोणतीही मुदत पुरी केल्यावर आपल्यावर सक्ती होऊ नये, हे बोलून घेतात आणि अल्लाहला साक्षी ठेवतात. सासऱ्याला आणि जावयाला जे बोलणे कमीपणाचे वाटले नाही, ते शेजाऱ्या-शेजाऱ्यांत का वाटावे?

मदरशात ‘मुख्तसर अल-कुदूरी’ शिकताना इजाऱ्याच्या प्रकरणात एक तंटा येतो. कापडाचा मालक म्हणतो, हे तू मला फुकट शिवून दिलेस. शिंपी म्हणतो, मजुरीने शिवले. इमाम अबू हनीफा (रह.) मालकाचा शब्द शपथेवर ग्राह्य धरतात. इमाम अबू यूसुफ (रह.) विचारतात, या दोघांचा असा व्यवहार पूर्वीपासून चालत आलेला आहे काय? असल्यास मजुरी द्यावी. इमाम मुहम्मद (रह.) शिंप्याचा लौकिक पाहतात : हेच काम तो मजुरीने करतो हे सर्वांना ठाऊक असेल, तर शब्द त्याचा. कोकणातील आपले बहुतेक बांधव शाफई आहेत. त्यांच्या मजहबमधील प्रसिद्ध मत तर असे की, मजुरीचा उच्चारच झाला नसेल तर कारागिराचा हक्क उभा राहत नाही. ‘द्याल ते द्या’ म्हणणाऱ्या मिस्त्रीने हे एकदा नीट ऐकावे. एवढे मोठे इमाम ज्या प्रश्नावर वेगवेगळ्या वाटांनी गेले, तो प्रश्न तुमच्या दारात उभाच राहू नये, यासाठी तोंडातून एक आकडा काढणे पुरेसे आहे.

आकडा कसा काढावा, ही ज्याच्या त्याच्या धंद्याची बाब आहे. हजेरीने, उक्ते, चौरस फुटावर किंवा पॉइंटप्रमाणे, कोणतीही रीत चालेल. फक्त ती आधी ठरलेली असावी. भिंत फोडल्याशिवाय गळती कळत नसेल, तर फोडून पाहण्याची मजुरी सांगावी आणि पुढचा खर्च पाहिल्यावर सांगेन, पटला तरच काम चालू ठेवू, असे म्हणावे. तातडीचा जादा दरही वर्ज्य नाही. आज शिवलेस तर एक दिरहम, उद्या शिवलेस तर अर्धा, हा करार इमामांच्या दोन्ही शिष्यांनी पूर्णपणे वैध मानला आहे. रात्री अकरा वाजता येण्याचे पैसे जास्त घ्यावेत, पण ते फोनवरच सांगावेत. घरात गुडघाभर पाणी पाहून नव्हे.

खरी निसरडी जागा मालाची आहे. ग्राहक म्हणतो, ‘‘सामान तुम्हीच आणा, पैसे मी देतो.’’ येथे कारागीर त्याचा वकील, म्हणजे प्रतिनिधी झाला. दुकानदाराने दिलेली सूट मूळ किमतीतून वजा होते आणि ती ग्राहकाची असते. बिल पूर्ण रकमेचे दाखवून कमिशन खिशात घालणे ही अमानतीत खियानत आहे, मग सारा बाजार तसे का करीना! नफा हवा असेल तर मार्ग मोकळा आहे. माल स्वतःसाठी विकत घ्यावा आणि आपल्या भावाने ग्राहकाला विकावा. किंवा जाण्या-येण्याची मजुरी वेगळी लावावी. खरेदीवर नफा लावून विकताना वाहतुकीसारखा खर्च किमतीत मिळवता येतो. मात्र तेव्हा ‘एवढ्याला घेतला’ असे न म्हणता ‘एवढ्याला पडला’ असे म्हणावे, इतकी बारकाई कुदूरींनी शिकवली आहे. मराठीत हा भेद आयताच सापडतो.

आता लिहिण्याविषयी. सूरह अल-बकराची 282 वी आयत, जी कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत आहे, मुदतीचे देणे लहान असो वा मोठे, ते लिहिण्याचा कंटाळा करू नये असे शिकवते. हातोहात व्यवहाराला तिने सूट दिली आहे. पण बयाणा आज, काम पुढच्या आठवड्यात आणि बाकी ईदनंतर, हा हातोहात व्यवहार नव्हे. ज्याच्यावर देणे आहे त्याने मजकूर सांगावा, असेही तेथे म्हटले आहे. म्हणजे ‘अमुक काम, अमुक रक्कम, इतके दिले, इतके बाकी’ हा व्हॉट्सअॅपचा निरोप ग्राहकानेच पाठवावा, हे अधिक उचित. काम वाढले तर त्याच दिवशी दुसरी ओळ लिहावी. बिलात मजुरी आणि माल वेगळे दाखवावेत. जीएसटीची नोंदणी नसताना बिलात तो कर लावणे कायद्यानेही गुन्हा आणि दीनच्या दृष्टीनेही फसवणूक आहे.

ग्राहकांनाही एक विनंती. घाम वाळण्यापूर्वी मजुरी देण्याची हदीस आपण खुतब्यात ऐकतो आणि ‘‘जुम्यानंतर या’’ म्हणून माणसाला परत पाठवतो. काम पुरे करून घेऊन मजुरी बुडवणाऱ्याविरुद्ध कयामतच्या दिवशी अल्लाह स्वतः फिर्यादी असेल, ही सहीह बुखारीतील हदीस खुतब्यात तितकीशी ऐकू येत नाही.

आमच्या मिस्त्रीला मी गेल्या हिवाळ्यात त्याच्या घरी जाऊन भेटलो. कमिटीकडून राहिलेले दीड हजार त्याला दिले आणि मशिदीच्या टाकीच्या पाइपचे काम सांगितले. तो पुन्हा म्हणाला, ‘‘मौलाना, भाव काय बोलायचा?’’ मी वही पुढे केली. बराच वेळ पेन धरून तो बसून राहिला. मग लिहिले : मजुरी अठराशे. खाली दुसरी ओळ : पैकी पाचशे मशिदीला माझ्याकडून.