नुसतं पोहोचवू नका, सोपवून द्या
आजचं वाचन: लूक 10:25-37

चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आपण संडे स्कूलपासून ऐकतोय. याजक निघून गेला, लेवी निघून गेला, शोमरोनी थांबला. आपलं मनन बहुतेक वेळा इथेच संपतं. आज 34 आणि 35 ही दोन वचनं जरा सावकाश वाचा.

तो जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, पट्ट्या बांधतो, जखमीला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो आणि तिथे त्याची काळजी घेतो. दुसऱ्या दिवशी तिथल्या माणसाच्या हाती दोन दीनार देतो, म्हणजे मजुराची दोन दिवसांची मजुरी. वर सांगतो की जास्त खर्च झाला तर परत येताना देईन. जखमीला दारात सोडून तो निघून गेला नाही. त्याने जबाबदारी नीट सोपवली.

आज रस्त्यात अपघात दिसला, तर आपली उतारशाळा म्हणजे 108 ची ॲम्ब्युलन्स. मानेला किंवा पाठीला मार लागल्याची शंका असेल आणि जागेवर आग-वाहतुकीचा धोका नसेल, तर जखमीला हलवू नका. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत थांबा. जखमी बेशुद्ध असेल, तर त्याच्या वतीने बोलणारे तुम्हीच आहात. आलेल्या डॉक्टरांना थोडक्यात सांगा:

- काय झालं आणि किती वाजता
- कुठे लागलंय, रक्त किती गेलं
- शुद्ध होती का, कधी हरपली
- तुम्ही काय केलं: जखम दाबून धरली, पट्टी बांधली, काही प्यायला दिलं का

एवढं सांगायला अर्धा मिनिट पुरतो. पण "आधी बोलत होता, दहा मिनिटांपासून बोलत नाही" हे एक वाक्य डॉक्टरांना डोक्याच्या इजेची दिशा दाखवू शकतं. ते तुमच्याशिवाय कोण सांगणार?

पोलिसांच्या भानगडीची भीती वाटते ना? रस्ते अपघातात चांगल्या हेतूने मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम 134ए चं संरक्षण आहे. हे कलम 2019 च्या दुरुस्तीने आलं. स्वतःचं नाव सांगायचं की नाही, ही तुमची मर्जी.

शोमरोन्याचंही नाव येशूने सांगितलं नाही. त्याने काय केलं, तेवढं मात्र सांगितलं.

प्रार्थना: प्रभू, मला थांबायला धैर्य दे, आणि दुसऱ्याच्या हाती सोपवेपर्यंत टिकायला धीर दे. आमेन.