अवघड वयाचे कानमंत्र

नातवंडांनो, तुमच्यातल्या काहींचं सध्या बरं चाललेलं नाही, हे माझ्या ध्यानात आलंय. विचारलं की "काय नाय" म्हणून तुम्ही खोलीत जाता. हे वय मी इथेच, खारेपाटणात काढलं. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले, त्यांत कोकणातले चाकरमानी कितीतरी. माझे वडीलही गावी परतले. मनीऑर्डर थांबली, घरात दारू आणि भांडणं आली. मी पंधराचा होतो, बोलताना अडखळायचो, आणि वर्गात माझी नक्कल व्हायची. तेव्हा जे कामी आलं आणि पुढे जे कळलं, ते सांगतो.

घरातल्या दुःखाचा दोष स्वतःकडे घेऊ नका. वडील माझ्यामुळे चिडतात असं मला वाटायचं. खरं कारण बंद पडलेल्या गिरणीत होतं. मोठ्यांचं कर्ज आणि व्यसन मुलांनी निस्तरायचं नसतं.

एक माणूस शोधा. मला शेजारची काकी लाभली. ती उपदेश करत नसे. पेज वाढायची आणि माझं वाक्य पुरं होईपर्यंत थांबायची. तुमचा माणूस मामा असेल, शाळेतल्या बाई असतील, मित्राची आई असेल. पहिल्याने ऐकलं नाही तर दुसऱ्याकडे जा.

हातांना काम द्या. तरवा काढणं, पातेरा गोळा करणं, आमसुलं वाळत घालणं, काहीही चालेल. अंग दमलं की झोप लागते, आणि आपल्या हातून काहीतरी पुरं झालं याचा आधार वाटतो. रात्री मोबाइल उशाशी ठेवू नका.

वाईट रात्री मोठा निर्णय घेऊ नका. शुकनदी फुगली की आपल्या बाजारपेठेत पाणी शिरतं. दुकानदार माल वर चढवतो आणि पाणी उतरायची वाट बघतो, त्या दिवशी दुकान विकायला काढत नाही. मनाचंही तसंच. या वयात भावनांना जोर फार असतो, आणि पुढचा विचार करणारा मेंदूचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो. शाळा सोडायचं, घर सोडायचं असल्या गोष्टी रात्री ठरवू नका. जीव द्यावा असा विचार आला, तर त्याच क्षणी कुणाला तरी उठवा, एकटे राहू नका. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आधार सेवेचा नंबर रात्रंदिवस चालतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीतही बोलता येतं. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे. सरकारी दवाखान्यांत दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींसाठी मैत्री क्लिनिक असतं. तिथे जाण्यात कमीपणा नाही.

नको तो स्पर्श आणि मारहाण गुपित ठेवू नका. समोरचा नात्यातला असला, मानाचा असला, तरी सांगा. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा २०१२ चा पोक्सो कायदा तुमच्या बाजूचा आहे.

नापास झालात तर तोंड लपवू नका. दहावीला कोकण विभाग राज्यात पहिला येतो. २०२५ चा निकाल ९८.८२ टक्के लागला. सगळं गाव पेढे वाटत असताना राहिलेली ती मोजकी मुलं फार एकटी पडतात. त्याच वर्षी पुरवणी परीक्षा देता येते, शाळा सुटली असेल तर बाहेरून परीक्षेला बसायला १७ नंबरचा फॉर्म भरता येतो. दापोलीकडच्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे कोवळ्या वयात भर पावसात घाट ओलांडून परीक्षेसाठी साताऱ्याला चालत गेले. वयाने लहान दिसतोस म्हणून त्यांना बसूच दिलं नाही. ती निराशा त्यांनी आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे. पुढे त्याच माणसाने १९१६ साली महिला विद्यापीठ काढलं.

मी आता साठीला आलो. थोडं अडखळणं उरलंय, त्याची लाज उरलेली नाही. वडिलांवरचा रागही निवळला, पण त्याला वर्षं लागली. राग निवळायची घाई तुम्हीही करू नका.

आणि घरातल्या मोठ्यांनो, पोर बोलायला आलं तर हातातलं काम ठेवा आणि आधी पुरतं ऐकून घ्या. पोरांनो, तुम्ही आजच एक माणूस ठरवा आणि उद्या त्याला जाऊन भेटा.