गुडघे दुखतात, मग चालावे की बसावे?

गुडघे टेकवत नाहीत म्हणून मिस्साला मागच्या बाकावर जाऊन बसणारी मंडळी आम्ही दर रविवारी पाहतो. आपल्या सुरत जिल्ह्यात भाताची लावणी वाकून होते, निंदणी उकिडवे बसून होते आणि उसाच्या मोळ्या डोक्यावरून वाहिल्या जातात. चाळिशी-पन्नाशीनंतर गुडघे कुरकुरू लागले की, "आता ते झिजले" असे म्हणून माणूस खाट धरतो. येथेच चूक होते.

गुडघ्यात हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. भार पडतो व सुटतो तेव्हा सांध्यातील द्रव तिच्यात ये-जा करतो, त्यातून तिचे पोषण होते. बसून राहिल्यास मांडीचे स्नायूही सुकतात व गुडघ्याचा आधार जातो. महिनाभर दावणीला बांधलेला बैल एकदम नांगराला जुंपला तर काय होईल, ते आपण जाणतोच.

म्हणून रोज हे करावे :

१. पाय लांब करून बसावे, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती ५ सेकंद दाबून धरावी. असे १० वेळा करावे.

२. उताणे निजून एक पाय सरळ ठेवून वीतभर उचलावा, ५ सेकंद धरावा. प्रत्येक पायाने १० वेळा.

३. खुर्चीवरून हात न टेकता सावकाश उठावे, सावकाश बसावे. ५ वेळांपासून सुरुवात करावी.

४. सपाट वाटेवर १० मिनिटे चालावे. दर आठवड्याला थोडी भर घालावी.

थोडे दुखले तरी घाबरू नये. दुसऱ्या दिवशीही दुखणे वाढलेलेच असेल तर व्यायाम कमी करावा, बंद करू नये. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरावी. निंदताना बुटके स्टूल घ्यावे. वजन १ किलो घटले तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोने हलका होतो.

चालण्याची ढबही शिकवता येते. अमेरिकेत ६८ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०२५ साली प्रसिद्ध झाला. पाऊल किंचित आत किंवा बाहेर वळवून चालायला शिकल्यावर वर्षअखेर वेदना कमी झाल्या. पण कोणी आत वळवावे व कोणी बाहेर, हे प्रत्येकाची चाल मोजून ठरवले होते. चुकीच्या बाजूला वळवल्यास भार वाढतो. तेव्हा हे स्वतःच्या मनाने करू नये. सुरतच्या नव्या सिव्हिल हॉस्पिटलात किंवा जवळच्या फिजिओथेरपिस्टकडे दाखवावे.

गुडघा लाल, गरम होऊन ताप आला, अडकून बसला किंवा पायावर भारच घेता येईना, तर त्वरित डॉक्टरांकडे जावे. दुकानातून वेदनाशामक गोळ्या महिनोन्‌महिने घेऊ नयेत. पोट व मूत्रपिंड बिघडतात.

आणि ज्यांना गुडघे टेकणे शक्यच नाही, त्यांनी संकोच करू नये. आजारपणासाठी मिस्साच्या नियमांतच सवलत आहे. बसून प्रार्थना करावी. मात्र घरी परतताना, झेपत असेल तर चालत जावे.